गणपती चिकटला नव्हता

माझ्या डाव्या भुवईवर एक आडवी खूण आहे. नेपरव्हिलमधल्या आपल्या मंडळींना ती बर्फावरून घसरून पडल्याची म्हणून ठाऊक आहे. ती तशी नाही. रंगनाथ खोतांनी माझी मानगूट धरून माझं तोंड एका मोडक्या गाडीच्या पत्र्यावर आपटलं, त्याची ती खूण आहे. दोनदा आपटलं. का, ते सांगायचं तर आधी खोत कोण होते ते सांगायला हवं. गेल्या दीड वर्षात त्यांच्याबद्दल मंडळात जे बोललं गेलं ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या तोंडून निघालेलं आहे.

खोत मूळचे कऱ्हाडचे. तिथं एका गॅरेजात हाताला काळं लावून घेतल्यावर मेहुण्याच्या खटपटीनं ते अमेरिकेत आले आणि शिकागोच्या पश्चिमेला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्रेसपुढे उभे राहिले. आम्ही बाकीचे डिग्र्या घेऊन आलेलो. मी स्वतः एकतीस वर्षं क्वालिटीच्या खात्यात काढली, शेवटची अकरा वर्षं मॅनेजर म्हणून. खोत मला 'पाठकसाहेब' म्हणायचे. त्यातल्या 'साहेब'वर ते जरा जास्त जोर द्यायचे.

माणूस बुटका आणि रुंद. मान जवळजवळ नाहीच. चालायचे ते समोरचं दार मोडायला निघाल्यासारखे. त्यांनी दार हळू लावलेलं मी कधी पाहिलं नाही, कप हळू ठेवलेला पाहिला नाही. प्रेमानं पाठीवर थाप मारली तर खोकला यायचा, आणि रागावले तर समोरचा भिंतीला टेकायचा. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, घरात काचेचे ग्लास कधीच बंद केले होते. "स्टीलचे वाकतात, फुटत तर नाहीत," असं त्या म्हणायच्या.

रविवारी मंडळाची मराठी शाळा भरायची तेव्हा खोत शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये उभे असायचे. ज्याला जुनी गाडी घ्यायची असेल तो ती चालवून बघायच्या निमित्तानं तिथं घेऊन यायचा. पुण्या-नागपूरहून नव्यानं आलेली मुलं तर विमानतळावरून थेट खोतांकडेच येतात असं आम्ही थट्टेनं म्हणायचो. खोतांच्या खिशात तीन वस्तू असत: एक फडकं, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांड्याचा छोटा आरसा, आणि मंडळानं कुठल्याशा वर्षी घरोघर वाटलेला फ्रिजवर लावायचा गणपती.

आधी ते गाडीभोवती नुसती एक फेरी मारायचे. मग टपावर एक थाप. मग गणपती काढायचे आणि दारांवर, बॉनेटवर, चाकांच्या वरच्या पत्र्यावर जागोजाग लावत जायचे. चांगल्या पत्र्याला गणपती टक्कन चिकटायचा. अपघातात चेपलेल्या पत्र्यावर लांबीचा लगदा भरून, घासून, रंग मारलेला असला की लोहचुंबकाला धरायला खाली काहीच नसायचं, आणि गणपती घसरून पडायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा गाडी घेणाऱ्याची आई "अगं बाई, देव पडला!" म्हणून कानाला हात लावू लागली. खोत म्हणाले, "देव कशाला पडतोय, मावशी. त्याला टेकायला जागाच न्हाई."

तेव्हापासून आमच्यात 'गणपती चिकटला का?' एवढंच विचारायची पद्धत पडली.

सगळ्यात शेवटी खोत रविवारच्या कपड्यांनिशी डांबरावर उताणे पडून गाडीखाली शिरायचे. बाहेर आले की एकच शब्द. "घे", नाहीतर "न्हाई". मधलं काही नाही. कुणी "काका, पण तशी चालेल ना?" म्हटलं की त्यांचा चेहरा लाल व्हायचा.

त्या 'चालेल'ची गोष्ट ते पिकनिकला मुलांना सांगायचे. मुलं पुन्हापुन्हा मागायची आणि आया कानांवर हात ठेवायच्या. खोतांच्या उजव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती. प्रेसपुढची हात आत जाऊ न देणारी जाळी बिघडली होती, आणि काम थांबू नये म्हणून फोरमननं ती काढून ठेवली. "इट'ल डू," म्हणजे चालेल, असं म्हणून त्यानं विचारलं, "ओके?" खोत म्हणाले, "ओके." दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन बोटं पट्ट्यावर पडलेली होती. आरडाओरडा झाला, एक पोलिश कामगार बेशुद्ध पडला, आणि खोतांनी आपला जेवणाचा डबा उघडला, त्यातली भाजी-पोळी काढून कागदावर ठेवली, दोन्ही बोटं डब्यात घातली आणि झाकण लावून डबा ॲम्ब्युलन्सवाल्याच्या हातात दिला. बोटं काही बसली नाहीत. डबा मात्र परत आला. सुमनवहिनी तो फेकायला निघाल्या तर खोतांनी त्यांचा हात धरला: "डब्यानं काय केलंय तुझं?" पुढची बारा वर्षं ते त्याच डब्यातून जेवले.

"लक्षात ठेवा रे," ते मुलांना तिबोटी पंजा दाखवून सांगायचे, "चालंल म्हणणाऱ्याचं काय जात न्हाई. ज्याची बोटं असत्यात त्याची जात्यात."

त्या मुलांत पूर्वा होती. माझा मित्र अविनाश फार लवकर गेला, त्याची मुलगी. दहा वर्षांची असताना तिनं खोतांपुढे हात वर करून म्हटलं, "काका, हाय फाइव्ह!" मग त्यांच्या हाताकडे नीट बघून म्हणाली, "सॉरी. हाय थ्री." खोत इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून ती दोघं भेटली की तीन बोटांची टाळी. त्यांनीच तिला चाक बदलायला शिकवलं, नटावर उभं राहून पाना कसा दाबायचा ते शिकवलं. पुढे ती शाळेतल्या मुलींची कुस्तीची कोच झाली. तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं आणि खोतांचं इंग्रजी कारखान्यापुरतं. पण एकीनं दुसऱ्याला डाव दाखवायला आणि दुसऱ्यानं पहिलीला पेच सांगायला तेवढं पुरायचं. एकदा पार्किंग लॉटमध्येच तिनं त्यांना खांद्यावरून फेकलं. पासष्टीचा माणूस डांबरावर पाठीवर पडून ओरडला, "परत! परत दाखीव!"

खोतांची दहशत कशी होती त्याचाही एक प्रसंग सांगतो. नागपूरकडच्या निखिल नावाच्या इंजिनियरनं आपली व्हॅन विकायला काढली. खोतांनी खाली जाऊन पाहिलं. रस्त्यावरच्या मिठानं ब्रेकच्या नळ्या खाल्ल्या होत्या. "न्हाई. आधी नळ्या बदल." निखिलनं बदलल्या नाहीत. तान्हं मूल असलेल्या एका नव्या जोडप्याला त्यानं व्हॅन विकली आणि सांगितलं, "खोतकाकांनी बघितली आहे." बघितली होती, हे खरंच होतं. मंडळाच्या कार्यक्रमाला ते जोडपं त्याच व्हॅनमधून आलं. खोतांना कळलं. ते बाहेर गेले, हातोडा घेऊन आले आणि सगळ्यांसमोर व्हॅनचे पुढचे दोन्ही दिवे फोडले. मग निखिलची कॉलर धरून त्याला काचांच्या तुकड्यांपर्यंत फरफटत आणलं.

"आता अंधारात घरी तरी न्हेता येणार न्हाई त्यास्नी," ते म्हणाले. "माझं नाव घेऊन पोरगं मारत हुतास व्हय रं?"

कुणीतरी पोलीस बोलावले. निखिलचा ओठ फाटला होता. पोलिसानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, ऑफिसर. ही इज माय अंकल." पुढच्या शनिवारी खोतांनी स्वतःच्या गॅरेजात त्या व्हॅनच्या नळ्या बदलल्या, दिवे बसवले. निखिलला समोर स्टुलावर बसवून ठेवलं होतं, पाने द्यायला.

मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणालो होतो, "रानटी माणूस." हे मी म्हणालो होतो हे इथं नोंदवून ठेवतो.

मग खोतांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, काठी आली, आणि भाषा गेली. इंग्रजी तर धुऊन निघाल्यासारखं साफ गेलं. मराठीतले 'हो', 'न्हाई', 'चल', 'सुमन', असे दहाबारा शब्द उरले आणि शिव्या मात्र सगळ्या उरल्या. डॉक्टर म्हणाले की शिव्या मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतात. सुमनवहिनी म्हणाल्या, "यांचा तो कप्पा आधीपासूनच मोठा." तरी रविवारी ते लॉटमध्ये उभे राहायचेच. मला गाडी होती, वेळ होता, म्हणून मी त्यांना ने-आण करू लागलो. ते जे दाखवतील ते समजून लोकांना सांगू लागलो. माझ्या तोंडून खोत बोलू लागले.

हे सेवाभावानं केलं असं लोकांना वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. पण आत एक कीड होती. एकतीस वर्षं क्वालिटी तपासलेल्या माणसाला मंडळात कुणी गाडीबद्दल एक प्रश्न विचारत नव्हतं. सगळ्यांना तिबोट्या माणसाचा फ्रिजवरचा गणपती हवा होता.

पूर्वानं गाडी शोधली ती जपानी, दोन दारांची, मागच्या चाकांवर पळणारी, दोन टर्बो असलेली. आठ महिने शोधत होती. एकतीस वर्षांची झाली तरी आईची जुनी व्हॅन चालवत होती, मागे मुलींच्या मॅट्स कोंबून. "वन्स इन माय लाइफ, काका," ती मला म्हणाली, "मला एक मूर्ख गाडी हवीय." मी तिला त्या गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट काढून दिला. दोन पानं, एकही अपघात नाही. मी त्यावर हिरव्या पेनानं खुणा करून दिल्या. सांगितलं, उत्तम गाडी आहे.

गाडी एका विक्रेत्याच्या लॉटवर होती. मागच्या काचेवर कागद चिकटवलेला: जशी आहे तशी, वॉरंटी नाही. पूर्वानं त्यावर बोट ठेवलं.

"काका, नो वॉरंटी मीन्स, काही तुटलं तर इट्स ऑन मी, राइट? म्हणून मला खोतकाकांचं हो हवंय. दॅट्स माय वॉरंटी."

मला ते लागलं. रिपोर्ट तिच्याच हातात होता.

ती आत इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर बोलत बसली. काचेच्या भिंतीतून आम्ही तिला दिसत होतो. खोतांनी फेरी मारली, डाव्या हातानं टपावर थाप मारली. गणपती दारांना चिकटला, बॉनेटला चिकटला. डाव्या मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर लावला आणि पडला. उचलला, परत लावला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा डांबरावर आपटून त्याच्या सोंडेचं टोक उडालं.

"रंगाचा थर जाड असेल," मी म्हणालो.

खोतांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग काठी टाकून, अर्धं अंग ओढत ते गाडीखाली गेले. मी रिपोर्टची प्रत हातात घेऊन उभा. दहा मिनिटांनी बाहेर आले ते चेहऱ्यावर गंज आणि माती घेऊन.

"न्हाई."

"खोत, रिपोर्टमध्ये काहीही नाही."

"न्हाई! भडव्या, न्हाई!"

माझ्या हातातला रिपोर्ट त्यांनी ओढून घेतला, त्याला हात पुसला आणि तो बोळा माझ्या छातीवर फेकला. मग दोन बोटं एकमेकांना जोडून मोडून दाखवली. सांगाड्याला जोड आहे, तो तुटेल. मला समजलं. पूर्ण समजलं. आज त्याबद्दल शंका ठेवायची नाही. मी तरी मान हलवेना, तेव्हा त्यांनी काठी उचलली आणि गाडीच्या मागच्या दिव्यावर हाणली. काच फुटली. विक्रेता हातात फोन घेऊन धावत आला. "सर, आय ॲम कॉलिंग द पोलीस."

मी त्याची माफी मागितली. आत गेलो. पूर्वा अर्धी उठली होती.

"व्हॉट डिड ही से?"

आणि मी म्हणालो, "थोडं अलाइनमेंट करून घे. बाकी चालेल म्हणतात. ही सेज इट'ल डू."

"मग मारतायत का गाडीला?"

"तुला माहीत नाही का? ते प्रत्येक गाडीला मारतात."

ती हसली. "ट्रू." आणि खाली बसली.

पोलिसांची भीती होती, चारचौघांत शोभा झाल्याची लाज होती, हे खरं. ही दोन कारणं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितली. तिसरं कारण तो बोळा होता. तो मी उचलून कोटाच्या खिशात ठेवला होता आणि मला तो बरोबर ठरायला हवा होता.

तुटलेल्या दिव्याची भरपाई कबूल करून मी खोतांना गाडीत कोंबलं. वाटेत त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली आणि माझ्याकडे पाहून मान उडवली. पूर्वाचं काय, असं विचारत होते.

"सांगितलं तिला," मी म्हणालो. "नाही घेत ती."

खोतांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की दोन दिवस वळ राहिला. मग समाधानानं डोळे मिटून घेतले.

पुढे नऊ दिवस होते. नऊ. गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि वडील माणूस म्हणून नारळ माझ्या हातून फुटला. पूर्वानं विचारलं, "खोतकाका?" मी म्हटलं, "थंडी बाधते त्यांना." त्या नऊ दिवसांत एक फोन पुरला असता.

नोव्हेंबरातल्या एका ओल्या सकाळी ती हायवेला लागणाऱ्या वळणावर होती. डावं मागचं चाक, त्याला धरणाऱ्या सांगाड्याच्या तुकड्यासकट, उपटून निघालं. गाडी गरगरत सिमेंटच्या कठड्यावर गेली ती ड्रायव्हरच्या बाजूनं. अग्निशामक दलाला तिला कापून काढावं लागलं. ती शुद्धीत होती आणि ओरडत होती, असं नंतर कळलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला. कधीतरी त्या गाडीला मागून कुणीतरी ठोकलं होतं आणि इन्शुरन्सला न कळवता रोख देऊन ती जोडून घेतली होती. असलं काही रिपोर्टात येत नाही. मी क्वालिटीतला माणूस; कागदावर नसतं ते नसतं असं नाही, हे मी पोरांना शिकवायचो.

हॉस्पिटलात पूर्वाची आई मंदा आणि आम्ही पाचसहा जण बसलो होतो. लिफ्टचं दार उघडलं आणि सुमनवहिनींचा हात धरून खोत आले. मंदा उठली.

"तुम्ही हो म्हणालात!" ती किंचाळली. "तुमच्या शब्दावर घेतली तिनं ती गाडी! तुमच्या!"

आणि तिनं खोतांच्या थोबाडीत मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. खोत हलले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर मारलं तो हात खाली ठेवून मार खात उभा होता. आधी त्यांनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर हळूहळू फिरत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. त्यांना कळलं. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंड वाकडं झालं, ओठांवर शब्द येईना. आली ती शिवी.

पाय गमावलेल्या मुलीच्या आईसमोर हा शिव्या देतो, म्हणून दोघांनी त्यांना दंडाला धरून लिफ्टकडे ढकलत नेलं. सुमनवहिनी मागे रडत गेल्या. माझ्या हातात कॉफीचा कप होता. मी तो प्यायलो.

मंडळात बोलणी झाली. खोतांचं डोकंच गेलंय, त्यांना विचारायलाच नको होतं. यापुढे लॉटमध्ये गाड्या तपासणं बंद, असा ठराव कमिटीत आला. मी कमिटीवर होतो. मी हात वर केला, बाजूनं.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी माझ्या दारावर काठी आपटू लागली. खोत स्लिपर घालून दीड मैल चालत आले होते. "चल," ते म्हणाले, आणि माझ्या गाडीत जाऊन बसले. कुठं ते विचारायची गरज नव्हती. मोडक्या गाड्या ठेवतात त्या आवारात पूर्वाची गाडी पडलेली होती. सीटवरचं रक्त काळं पडलेलं. खोत मागच्या बाजूला गुडघ्यावर बसले, खिशातनं आरसा काढला, तो ठेवून दिला. आता आरसा लागत नव्हता. वेल्डिंगचा जोड उघडा पडला होता, थुंकीनं चिकटवल्यासारखा.

त्यांनी डाव्या हातानं माझी मानगूट पकडली आणि मला खाली ओढलं. माझं तोंड त्या जोडावर आपटलं.

"हो?"

भुवईतलं रक्त डोळ्यात आलं. परत आपटलं.

"हो?"

"हो," मी म्हणालो. "हो, खोत. हो."

त्यांनी मान सोडली. मग खिशातलं फडकं काढून माझ्या भुवईवर दाबून धरलं. जोरात, त्यांच्या पद्धतीनं. त्यांच्या घरी सुमनवहिनींनी पट्टी बांधली. "लोकांना काय सांगाल? बर्फ?" त्यांनी विचारलं. "बर्फ," मी म्हणालो. त्या आठवड्यात बर्फ पडलाच नव्हता. आठ दिवस लोक माझी चौकशी करत होते आणि एकालाही ते सुचलं नाही.

खोत त्या फेब्रुवारीत गेले. दुसरा झटका. अंत्यविधीला आम्ही सतरा माणसं होतो. पुढचं एक वर्ष मी आणखी गप्प राहिलो. यंदा एप्रिलमध्ये मी पूर्वाच्या शाळेत गेलो. ती कृत्रिम पायावर मॅटच्या कडेला उभी राहून मुलींवर ओरडत होती. मुली गेल्यावर मी सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं.

तिनं हातातली पाण्याची बाटली फेकली. ती माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटली.

"'इट'ल डू,'" ती म्हणाली. "ही नेव्हर सेड दॅट टू एनीवन. एव्हर. मला कळायला हवं होतं." ती हे परत परत म्हणत राहिली. मी म्हटलं, "तुझी चूक नाही, बाळ." त्यावर ती माझ्या अगदी जवळ आली.

"डोन्ट कॉल मी बाळ. ममा त्यांच्या फ्युनरलला गेली नाही. मी गेले नाही. काका, गो होम अँड राइट इट. मराठीत लिहा. सगळ्यांनी वाचलं पाहिजे."

म्हणून हे लिहिलं. मंडळाच्या अंकात छापायचं की नाही ते कमिटीनं ठरवावं. या वेळी मी हात वर करणार नाही, कारण मी कमिटी सोडली आहे.

खोतांना मी शेवटचं पाहिलं ते जाण्याआधी तीन आठवडे, मंडळाच्या संक्रांतीच्या दिवशी. ते आत आले नाहीत. सुमनवहिनी हळदीकुंकवाला आत गेल्या, आणि हे आपल्या जुन्या जागी, लॉटमधल्या दिव्याच्या खांबाखाली उभे राहिले. पाच वाजले होते, अंधार पडला होता, आता खरोखरचा बर्फ भुरभुरत होता. मी लवकर निघालो. मला बघून ते पुढे आले. माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. टपावर थाप मारली. मग खाली बसून पुढच्या उजव्या टायरच्या आतल्या अंगाला हात घातला आणि चाचपत राहिले.

"न्हाई."

"खोत, घर दीड मैलावर आहे. जाईन मी."

मी आत बसलो, गाडी सुरू केली. दिव्यांच्या झोतात ते उभे होते, टोपीवर बर्फ. त्यांनी काठी उचलली आणि डावा दिवा फोडला. मग दोन पावलं सरकून उजवा. मग दार उघडून गाडीची किल्ली काढून घेतली, खिशात घातली, आणि गाडीच्या बंपरला पाठ लावून बर्फात बसले.

हॉलच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "बघा, पुन्हा सुरू!" दार बंद झालं. आत तिळगूळ वाटत होते.

टो ट्रक यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते बसून होते आणि मी शेजारी उभा होतो. ट्रकवाल्यानं टायरच्या आत टॉर्च मारली. मुठीएवढा फुगवटा आला होता, आतली तार दिसत होती. "यू वुडंट हॅव मेड अ माइल," तो म्हणाला. "हू टोल्ड यू नॉट टू ड्राइव्ह?"

मी खोतांकडे बोट दाखवलं.

"ही डिड," मी म्हणालो. "ही सेड नो."

खोतांना त्यातला एकही शब्द समजला नाही. ते काठीवर जोर देऊन उठले, पँटला लागलेला बर्फ झटकला, किल्ली माझ्या हातात दिली, आणि ट्रकवर चढणाऱ्या माझ्या गाडीच्या मागच्या पत्र्यावर जाता जाता एक थाप मारली.